संदिग्ध अटींचा फायदा छोट्या विमाधारकाला मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आर्थिक सचिव,
ट्रेझरी, लंडन

विषय: ग्राहक हक्क कायदा, 2015 मधील कलम 69 छोट्या व्यावसायिकांना लागू करणे

महोदय / महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे लंडन, स्लाउ आणि लेस्टर येथे खानावळ, डबे, किराणा असे छोटे धंदे करणारे मराठी व्यावसायिक आहोत. विम्याचा करार आमच्या हाती पडतो तो छापूनच. त्यातला स्वल्पविरामही आम्हाला हलवता येत नाही. उलट, जोखमीची महत्त्वाची माहिती आम्ही नीट मांडलीच पाहिजे, असे विमा कायदा, 2015 बजावतो. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी 1766 साली सांगितलेला सद्भावाचा दंडक आम्हाला मान्य आहे. मग ज्याने शब्द लिहिले, त्याने ते निस्तरायला नकोत का?

घरच्या विम्यात ते निस्तरावे लागतात. अटीचे दोन अर्थ निघत असतील, तर कलम 69 नुसार ग्राहकाच्या हिताचा अर्थ धरला जातो. तोच माणूस दुकानाचा विमा उतरवतो तेव्हा मात्र तो 'ग्राहक' राहत नाही. उरतो तो संदिग्ध शब्द लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचण्याचा न्यायालयांचा जुना नियम, आणि तोही हल्ली इतर सर्व मार्ग खुंटल्यावरच बाहेर काढला जातो.

कोविडकाळात याची झळ बसली. आमच्यापैकी एकाच्या खानावळीत बसून जेवणे बंद होते, पार्सल चालू होते. पॉलिसीत 'जागा वापरता न येणे' असे शब्द होते. स्वयंपाकघर चालू म्हणजे जागा वापरात, असे म्हणून कंपनीने दावा फेटाळला. पुढे 15 जानेवारी 2021 रोजी वित्तीय नियामक एफसीएने नेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, व्यवसायाचा एखादा स्वतंत्र भाग बंद पडला तरी असे कलम लागू होऊ शकते. पॉलिसी वाचायची ती सामान्य विमाधारकाच्या नजरेने, कीस पाडणाऱ्या वकिलाच्या नव्हे. निकाल चोख आहे. पण त्यासाठी नियामकालाच आठ विमा कंपन्यांविरुद्ध उभे राहावे लागले. डबेवालीने तेवढे वकील कुठून आणावेत?

म्हणून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या व्यवसायांना कलम 69 लागू करावे, आणि करारात लिहून त्यातून सुटण्याची वाट ठेवू नये. ही आमची मुख्य मागणी आहे. दावा नाकारताना कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ धरला, हे कंपनीने लेखी कळवावे. दाव्याचे पैसे उशिरा दिल्याबद्दल भरपाई मागायला पैसे मिळाल्यापासून एकच वर्ष मिळते, तीही मुदत वाढवावी.

प्रत एफसीएला देत आहोत. आपल्या लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपले विश्वासू,
(सह्या सोबत जोडल्या आहेत)