बोर्ड बदलला, मालक नाही

“मदरबोर्ड बदललाय ना? मग विंडोज नवीन घ्यावं लागेल.” दुरुस्तीवाल्याने काउंटरवरूनच सांगून टाकलं. आमच्या डीटीपीच्या टेबलावरचा हा संगणक ऐन लग्नसराईत बसला. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले होते, त्या मॉडेलचा बोर्ड बाजारात मिळेना, म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असं तिन्ही नवीन घातलं. चालू केला तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं. पत्रिकेचं प्रूफ उघडलं की ती नेमकी ‘आपले नम्र’च्या शेजारी दिसायची.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं बहुतेक लोक मान डोलावून मान्य करतात. माझ्या बाबतीत ते साफ चुकीचं होतं. मी विंडोज 10 वेगळं, खोक्यासकट, स्वतंत्र बिलावर घेतलं होतं. अशा रिटेल परवान्याच्या करारातच लिहिलेलं असतं की तो स्वतःच्या दुसऱ्या संगणकावर नेता येतो. जुन्यावरून मात्र काढून टाकला पाहिजे. शिवाय 2016 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या आवृत्तीपासून हा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतो. मी तो जोडलेला होता. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर गेलो, ट्रबलशूटर चालवला, हार्डवेअर नुकतंच बदलल्याचा पर्याय निवडला, खात्यात शिरून यादीतून जुना संगणक दाखवला. अक्षरं गेली. एक पैसा लागला नाही. (जुनं विंडोज होम असेल तर होमच आणि प्रो असेल तर प्रोच टाकावं लागतं, इथे पुष्कळजण अडकतात. नुसती रॅम वाढवली किंवा एसएसडी टाकली तर सहसा एवढंही करावं लागत नाही.)

पण माझं खरं भांडण दुरुस्तीवाल्याशी नाही. त्याच्या वाक्यामागे एक नियम आहे आणि तो नियमच मला मान्य नाही. लॅपटॉपमध्ये किंवा तयार संगणकात जे विंडोज आधीच घातलेलं येतं, त्याला ओईएम म्हणतात. विंडोज 8 पासून मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत त्याची की बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते. हा परवाना त्या यंत्रापुरता, आणि यंत्र म्हणजे मदरबोर्ड, असं मायक्रोसॉफ्ट धरते. बोर्ड बिघडला म्हणून बदलला तर चालतं. चांगला हवा म्हणून बदलला तर परवाना संपला.

या नियमाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतात. पहिली, ओईएम स्वस्त पडतं ते बांधलेलं असतं म्हणूनच. सौदा म्हणून हे मला पटतं, पण सौदा दोघांना ठाऊक हवा. लॅपटॉपच्या बिलावर विंडोजची वेगळी ओळ नसते, किंमत नसते, बंधनाचा उल्लेख नसतो. गिऱ्हाईकाला जे सांगितलंच नाही, त्याची सूट त्याला दिली असं कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट चोरीची. एकच की दहा संगणकांवर चालू नये, हे रास्तच आहे. पण त्यासाठी परवाना बोर्डाला खिळायची गरज नाही. आम्हा डीटीपीवाल्यांना हे जुनं माहीत आहे. फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर मिळणारा हार्डवेअर लॉक या संगणकातून काढून त्या संगणकाला लावायचा; एका वेळी एकच यंत्र चालायचं, आणि यंत्र बदललं तरी मालक तोच राहायचा. गाडीचं इंजिन बदललं तर आरटीओत नव्या इंजिनाची नोंद होते, गाडीचा नंबर कोणी काढून घेत नाही. खात्याला जोडलेला परवाना हेच काम करतो. सोय तयार आहे, ती ओईएमवाल्याला नाकारली जाते एवढंच.

कायद्यातही हा विचार परका नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे असं ठरवलं. प्रश्न विक्रीकराचा होता, परवाना हलवण्याचा नव्हता, हे खरं. पण कर घेताना जो माल, तो वापरताना नुसती सवलत कसा होतो? युरोपीय न्यायालयाने 2012 मध्ये ओरॅकलच्या प्रकरणात आणखी पुढे जाऊन सांगितलं की पैसे घेऊन कायमच्या वापराला दिलेलं सॉफ्टवेअर विकलंच गेलं, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो. स्वतःची प्रत मात्र त्याने निकामी करायची.

आणि आज हा प्रश्न लाखो घरांत शिरला आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. जुना संगणक त्यात बसत नाही म्हणून लोक बोर्ड बदलताहेत. ज्या कंपनीच्या अटीपायी बोर्ड बदलावा लागला, तिनेच बोर्ड बदलला म्हणून परवाना काढून घेणं हा सरळ अन्याय आहे. मालकाने मागितल्यावर, जुनं यंत्र यादीतून काढून, ओईएम परवानाही निदान एकदा नव्या बोर्डावर नेता आला पाहिजे. तोवर यावर क्रॅक हे उत्तर नाही, आणि शे-दोनशेत मिळणारी कीही नाही. ती कुणाच्या नावची आहे हे विकणाराही सांगत नाही, आणि बंद पडली की तो फोन उचलत नाही.

आमच्या उरलेल्या दोन संगणकांचे परवाने मी त्याच आठवड्यात, ते धडधाकट असतानाच, खात्याला जोडले. कुठला होम आणि कुठला प्रो ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलं. आणि नव्या संगणकासाठी कोटेशन मागवलं तेव्हा विक्रेत्याला सांगितलं, विंडोजची ओळ वेगळी टाका, आणि तिच्यापुढे ओईएम की रिटेल ते लिहा.