पिशवी काढतात, रक्त पाहत नाहीत

"बाईच्या जातीला अंगावरून जायचंच, त्यात काय दाखवायचं?" धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर ऊसतोडीहून परतलेल्या मैत्रिणीला घरच्यांनी हेच सांगितले. तिला धाप लागत होती, हिरड्यांतून रक्त येत होते, ताप हटत नव्हता. तीन दवाखान्यांत सलाइन आणि रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. चौथ्याने पिशवी काढायला सांगितले. मांडीवरचे काळेनिळे डाग पाहून आम्ही कार्यकर्त्यांनी तिच्या नवऱ्यावर संशय घेतला. रक्त तपासायचे आम्हालाही सुचले नाही. तपासले तेव्हा रक्ताचा कर्करोग निघाला.

अंगावरून जास्त जाणाऱ्या प्रत्येकीला कर्करोग नसतो, हे खरेच. पण तो आहे की नाही हे पाहायला सुरुवातीला मोठे यंत्र लागत नाही. रक्तपेशींची मोजणी आणि काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढ्याने संशय पक्का होतो. मग मोठ्या रुग्णालयात पाठवता येते. हे न करता ऑपरेशन केले आणि प्लेटलेट कमी असल्या, तर बाई टेबलावरच रक्तस्रावाने जाऊ शकते.

२०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. यांतल्या किती जणींच्या रक्ताचा कागद कोणी नीट वाचला होता?

"निदान झाले तरी गरिबाला उपचार कुठे परवडतात?" असे आम्हाला ऐकवले जाते. सगळ्या रक्तकर्करोगांना एकाच मापाने मोजू नका. सावकाश वाढणाऱ्या एका प्रकारात रोजच्या इमॅटिनिब गोळीवर माणूस वर्षानुवर्षे कामधंदा करतो. महिन्याला लाखाच्या घरात जाणारी ही गोळी भारतीय कंपन्यांनी काही हजारांत आणली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, त्या लढ्यात कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही मुंबईची संस्था होती. दुसरा एक प्रकार असा, की त्यात भयंकर रक्तस्राव होतो, पण वेळेत औषध सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर काही दिवसांत सगळे संपते. बाकीच्या तीव्र प्रकारांना महिनोन्‌महिने केमोथेरपी, रक्त आणि जंतुसंसर्गापासून जपणूक लागते. ते काम तालुक्याच्या दवाखान्याचे नव्हे, हे मान्य. पण ओळखण्याचे आणि लगेच पाठवण्याचे काम त्याचेच आहे.

जनआरोग्य योजनेचे कार्ड आहे, पण त्यात बसायला आधी निदान हवे. निदानापर्यंतची वाट बाई कशाच्या बळावर चालणार? मुकादमाची उचल फिटलेली नसते आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

म्हणून आमच्या मागण्या: हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर प्रत्येक ऊसतोड बाईच्या रक्ताची मोजणी मोफत व्हावी. पिशवी काढण्याआधी तो अहवाल तिला तिच्या भाषेत समजावून सांगणे सक्तीचे व्हावे. संशय येताच अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात नेण्याचा खर्च शासनाने द्यावा.

आणि मैत्रिणींनो, आपल्या गटापुरते एक करू या. यापुढे डाग दिसले तर मारहाणीचे विचारूच, पण रक्तही तपासून घेऊ.