किल्ली हाती आली, घर उभे राहायचे आहे

पनवेल तालुक्यातील आपटा हे रेल्वे स्थानक देशाला ठाऊक झाले ते १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगामुळे. तेथे बाप हात सोडतो, तेव्हाच मुलगी गाडीकडे धावते. आज त्याच पंचक्रोशीत असंख्य आईबाप मुलांचा हात सोडत आहेत. निमित्त आहे पहिल्या घराचे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईत घर न परवडणारा तरुण आता पनवेल, रसायनी, आपटा या पट्ट्यात सदनिका शोधतो आहे.

स्वतःच्या कमाईचे छप्पर हवे, ही आकांक्षा स्वागतार्हच आहे. परंतु आकांक्षेला हिशेबाची जोड हवी. तीस लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे सत्तावीस हजारांचा हप्ता पडतो आणि अखेरीस पावणेपासष्ट लाख रुपये भरावे लागतात. म्हणजेच मुद्दलापेक्षा व्याज अधिक! नमुना सदनिकेच्या झगमगाटात हे गणित कोण मांडतो? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाच्या हाती शस्त्र दिले आहे. किंमत चटई क्षेत्रावर ठरते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. बांधकामात दोष आढळल्यास ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासक उत्तरदायी असतो. हे शस्त्र वापरायचे, तर सही करण्यापूर्वी करार वाचावा लागतो. या कामी घरातील अनुभवी माणसांना सोबत नेण्यात कमीपणा कसला?

याहून गंभीर प्रश्न ताबा मिळाल्यानंतरचा आहे. चाळीत शेजारधर्म शिकवावा लागत नसे. सामाईक नळ आणि सामाईक गॅलरी तो शिकवीत. सदनिकेचे दार मात्र बंद होते आणि शेजारच्या घरात कोण आजारी आहे, हे महिनोन्महिने कळत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, आणि पाणी तुंबले की तक्रारींना मात्र तोटा नसतो. वास्तुशांतीला शंभर माणसे जेवली, पण त्यांत मजल्यावरचे एकही कुटुंब नव्हते, याला गृहप्रवेश म्हणावे काय?

भिंती विकासक बांधून देतो. घर मात्र राहणाऱ्यालाच उभे करावे लागते. ज्या तरुणाच्या घरात आईवडिलांना हक्काने चार दिवस राहता येते आणि ज्याच्या दारावर शेजारी मध्यरात्रीही निःसंकोच थाप मारू शकतो, त्यानेच खरे घर घेतले. बाकीच्यांकडे केवळ किल्ली आहे.