आधी तारीख विचारा, मग औषध सांगा

रब्बी ज्वारीचा म्हणून ओळखला जाणारा आपला सोलापूर जिल्हा, पण बार्शी पट्ट्यात खरीप म्हणजे आता सोयाबीनच. तरीही पेरणीचा सल्ला आपण जूनमध्ये देतो आणि तणाचा जुलैत, जणू दोन्हींचा एकमेकांशी संबंधच नाही.

दिवस लहान होऊ लागले की सोयाबीन फुलावर येते. त्यामुळे पेरणी लांबली तरी काढणी तितकी लांबत नाही. कात्री लागते ती वाढीच्या दिवसांना. झाड बुटके राहते, पेरी आणि फांद्या कमी होतात. 45 सेंटीमीटरवर पेरलेल्या अशा पिकाच्या ओळी एकमेकींना भिडत नाहीत. मधल्या पट्ट्यात ऊन पोचते आणि केना, लव्हाळा, दुधी यांचे फावते. उलट, 75 ते 100 मिलिमीटर पावसाची वाट न पाहता धूळपेरणी केली, तर उगवण विरळ होते आणि मोकळी जागा तणालाच मिळते.

पहिले 30 ते 45 दिवस रान स्वच्छ हवे. कोळपणी पंधरा-वीस दिवसांनी एक, महिन्याने दुसरी. मात्र काळ्या रानात झड लागली की वापसा येत नाही आणि कोळपे बांधावरच राहते. म्हणून तणाचा बेत पेरणीच्या दिवशीच ठरायला हवा. पेंडीमिथॅलिन पेरणीनंतर 48 तासांत, ओलीवर. इमॅझेथापायर तण दोन ते चार पानांवर असताना. क्विझालोफॉप गवतवर्गीय तणांपुरतेच. केना आणि लव्हाळा त्याला दाद देत नाहीत. पीक फुलावर आल्यावर कोळपे घालू नये, मुळे तुटतात.

जुलैत पेरावे लागलेच, तर दोन ओळींतले अंतर 30 सेंटीमीटरवर आणा, बियाणे थोडे वाढवा आणि उगवणीपूर्व फवारणी चुकवू नका. जून झालेले तण मरेना म्हणून इमॅझेथापायरची मात्रा वाढवणे मात्र आपल्याकडे दुहेरी तोट्याचे. त्याचा अंश जमिनीत राहतो आणि ज्वारी त्याला नाजूक आहे. खरिपात चुकलेले माप रब्बीत भोवते.

कृषी सेवा केंद्रचालकांनी आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांनी यंदा एवढे करावे: पेरणी कधी झाली, दोन ओळींतले अंतर किती, तण किती पानांवर आहे आणि सोयाबीनमागे काय पेरणार, हे विचारल्याशिवाय फळीवरची बाटली खाली काढू नये.

— संपादक, शुक्रवार पेठ, सोलापूर