‘कधीही शिका’ म्हणजे घरात ‘नंतर शिक’

ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की आम्ही सॉफ्टवेअरवाले लगेच सांगतो: रेकॉर्डेड कोर्स घ्या, सवडीने शिका. स्वतःचा लॅपटॉप आणि दार लावून बसता येईल अशी खोली असणाऱ्याला हे सांगणं ठीक आहे. पण इथे मांजरीत दोन खोल्यांच्या घरात, तीन भावंडांत एक स्मार्टफोन असेल, तर सवड कोणाची बघायची? व्हिडिओ कधीही बघता येतो, म्हणून मुलीला आधी रोट्या, मग पाहुण्यांचा चहा, मग धाकट्याचा अभ्यास. रात्री अकराला फोन हातात येतो तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो. लाइव्ह तास असेल तर ती म्हणू शकते, “अम्मी, सातला माझा क्लास आहे, सर हजेरी घेतात.” हे घरात ऐकलं जातं. हातची वेळ मागायला तिला कारण मिळतं.

लाइव्हची बाजूही मी डोळे झाकून घेत नाही. रेंज गेली की तास गेला. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी लेक्चर मागे नेऊन दोनदा ऐकावं लागतं, ती मुभा रेकॉर्डिंगमध्येच आहे. आणि रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेलाच तास लागला तर बोलायलाच नको.

तरी नुसत्या मोकळीकीने काय होतं, ते जगाने पाहिलंय. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसना नाव नोंदवणाऱ्यांपैकी 2017-18 मध्ये जेमतेम 3 टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. आपल्या आयआयटींच्या एनपीटेलने मधली वाट काढली आहे. व्हिडिओ रेकॉर्डेड, पण दर आठवड्याला असाइनमेंट, तिला शेवटची तारीख, आणि प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा. नावनोंदणी मोफत आहे.

उरते ती जागा आणि ठरलेली वेळ. ती आपल्या जमातीने द्यावी. मदरशाची किंवा शादीखान्याची खोली बरेच दिवस रिकामीच असते. मगरपट्टा, खराडीत नोकरी करणारे आपले इंजिनिअर याच भागात राहतात. आठवड्यातून दोन तास त्यांनी यावं. व्हिडिओ एकत्र बघावा, अडलेलं तिथेच विचारावं. मात्र मुलींची बसायची सोय पहिल्या दिवसापासून हवी, नाहीतर ती खोलीही भावांचीच होईल.

एनपीटेलचं एक सत्र जुलैत सुरू होतं. वार आणि वेळ त्याआधी ठरवा, आणि घरोघरी अम्मी-अब्बूंना सांगून या.