पंचनामा कांद्याचा; सुट्टीत राबलेल्या पोरांच्या बुडालेल्या मजुरीचं काय?

बारावीचा निकाल ५ मे २०२५ रोजी लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के. गावोगाव पेढे वाटले गेले, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला फोटो लागले. पण नाशिक जिल्ह्याच्या कांदा पट्ट्यात अनेक पास झालेली पोरं त्या दिवशीही शेतातच होती. कोणी विळ्याने पात कापत होतं, कोणी क्रेट उचलत होतं, कोणी चाळीत कांदा भरत होतं. निकाल मोबाइलवर बघितला, घरी फोन केला आणि परत कामाला लागले, कारण पुढचा प्रश्न मार्कांचा नव्हता, पैशाचा होता.

त्याच आठवड्यापासून अवकाळी पाऊस सुरू झाला आणि मे महिनाभर थांबून थांबून पडत राहिला. पाठोपाठ मान्सूनही लवकर आला. २४ मे रोजी केरळात, २५ ला तळकोकणात, २६ ला मुंबईत. काढलेला कांदा शेतात भिजला, उभा होता तो चिखलात अडकला. नुकसानीचे पंचनामे करा, असे आदेश निघाले. ते व्हायलाच हवेत. पण या पावसात आणखी एक गोष्ट वाहून गेली, तिचा पंचनामा करायला कोणी येणार नाही. ती म्हणजे सुट्टीत मजुरी करून कॉलेजचे पैसे जमवणाऱ्या पोरापोरींचे बुडालेले दिवस.

सुट्टी म्हणजे हंगाम

शहरात सुट्टी म्हणजे क्लास, शिबिर, मामाचं गाव. निफाड, येवला, चांदवड, देवळा, कळवण, सटाणा या भागात सुट्टी म्हणजे उन्हाळ कांद्याचा हंगाम. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत आटोपली. दहावीचीही तेव्हाच संपली. कांदा काढणीचा जोर नेमका मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत असतो. मजुरांची टंचाई असते, म्हणून नव्या हातांनाही काम मिळतं. सुरगाणा, पेठ भागातल्या टोळ्या याच दिवसांत खाली उतरतात. त्यांच्यातही कॉलेजची पोरं असतात.

त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. भाकरी आणि ठेचा बांधून घ्यायचा, पाण्याची कॅन भरायची आणि फाट्यावर पिकअपची वाट बघायची. सहा-साडेसहाला शेतात. ऊन चढायच्या आत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. कांदा उपटायचा, पात कापायची, गोल्टी, जोड कांदा आणि डेंगळे बाजूला काढायचे, चांगला माल क्रेटमध्ये भरायचा. दुपारी झाडाखाली तासभर पडायचं आणि परत कामाला. मालेगाव, येवला पट्ट्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. वर्षभर बाकावर बसलेल्या पोराची कंबर पहिल्या आठवड्यातच बोलायला लागते. संध्याकाळी घरी आल्यावर हाताला कांद्याचा वास आणि डोळ्यावर झोप असते.

याच एप्रिलमध्ये सीईटी असते. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी पदवीला जायचं तर ती द्यावीच लागते. म्हणजे ज्या महिन्यात अभ्यासाची गरज जास्त, त्याच महिन्यात मजुरीचे दिवसही जास्त. दोन्ही करणारी पोरं आहेत, पण दोन्हीला पूर्ण वेळ देणारं कोणी नाही. पेपरच्या दिवशी शहराच्या केंद्रावर जायचं म्हणजे एक खाडा आणि वर गाडीभाडं.

पैसा कशाला लागतो

सरकारने फी माफ केली, मग पैसे कशाला, असं काही जण विचारतात. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मोठी मदत आहे ती. पण खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस, पुस्तकं, मोबाइलचा रिचार्ज, हे काही माफ होत नाही. मुलांना तर फीच्या वाट्यापासूनच सुरुवात करावी लागते. शिष्यवृत्ती मिळते, पण ती खात्यावर येईपर्यंत कॉलेज थांबेलच असं नाही.

दाखल्यांचंही तसंच. उत्पन्न, जात, नॉन क्रिमिलेअर, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला लागणारं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क सरकारने मार्च २०२५ मध्ये माफ केलं. तेवढा भार हलका झाला. पण सेतूवर रांगेत गेलेला दिवस म्हणजे मजुरीचा खाडाच. अकरावीचे प्रवेशही २०२५ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. गावात रेंज नसेल तर फॉर्म भरायला तालुक्याला जावं लागतं. तो आणखी एक खाडा.

म्हणून सुट्टीतली मजुरी ही पोरांची हौस राहिलेली नाही. अनेक घरांत ती प्रवेशाच्या हिशेबातच धरलेली असते. बाप म्हणतो, बी-बियाणं मी बघतो, तुझं कॉलेजचं तू बघ. हिशेब तिथूनच सुरू होतो आणि पाऊसही तिथेच घुसतो.

पावसाचा मार खालपर्यंत कसा येतो

साधा हिशेब करू. समजा एका पोराने रोज ३५० रुपयांप्रमाणे ३० दिवस धरले होते. झाले १०,५०० रुपये. पावसाने १२ दिवस बुडवले, तर हातात ६,३०० येतात. त्यात आधी उचल २,००० घेतलेली असेल, तर उरतात ४,३००. दर गावागावात वेगळा असतो, आकडे कमी-जास्त होतील, पण गणित हेच.

यात शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही. कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठलं, तरी भावाला हवी तशी उचल आली नाही. त्यात माल भिजला. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, म्हणून मिळेल त्या भावात विकावा लागतो नाहीतर फेकावा लागतो. ज्याचं पीकच सडलं तो मजुरी कुठून देणार? तो टोळीवाल्याला म्हणतो, थोडं थांब. टोळीवाला पोरांना म्हणतो, हंगाम संपल्यावर बघू. नवीन पोरगं टोळीत सगळ्यात खालचं. ते कोणाला थांब म्हणणार? कॉलेजला तर म्हणता येत नाही.

एकरी उक्तं काम असेल तर अडचण आणखी वाढते. एकराचा दर ठरलेला असतो आणि तो टोळीत वाटला जातो. चिखलातून कांदा काढायला दुप्पट वेळ लागला तरी दर तोच राहतो. म्हणजे दिवस वाढले की रोजची मजुरी आपोआप कमी पडते. नव्याचा हात हळू चालतो म्हणून काही ठिकाणी त्याला पूर्ण वाटाही मिळत नाही. पात कापायला बहुतेक बायका आणि मुली असतात. तिथे पुरुषांपेक्षा कमी मजुरी देण्याची रीत अजून मोडलेली नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला. कायदा जुना झाला, रीत तशीच आहे.

नोंदच नाही, मग मागायचं कसं?

खरा प्रश्न इथे आहे. शेतकऱ्याकडे सातबारा आहे, पीक पाहणी आहे, म्हणून त्याचं नुकसान कागदावर येतं. या पोरांनी किती दिवस काम केलं, किती पैसे मिळाले, किती राहिले, याची कुठेच नोंद नाही. हजेरी टोळीवाल्याच्या डोक्यात नाहीतर त्याच्या वहीत असते. वाद झाला तर पोराकडे दाखवायला काही नसतं. दोनशे-पाचशेसाठी गावात भांडण नको म्हणून घरचेच त्याला गप्प करतात.

सरकारी योजनाही या दोन महिन्यांच्या कामाला धरून बनलेल्या नाहीत. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावी पास तरुणाला महिना ६,००० रुपये देते, पण शिक्षण चालू असलेल्यासाठी ती नाही. रोजगार हमीचं काम अठरा वर्षं पूर्ण झालेल्यालाच मिळतं आणि त्यासाठी घराच्या जॉबकार्डवर त्याचं नाव असावं लागतं. २०२५-२६ मध्ये राज्यात रोहयोचा दर ३१२ रुपये होता. शेतात त्यापेक्षा जास्त मिळतात म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. पण रोहयोचं हजेरीपत्रक असतं आणि पैसे बँकेत येतात. शेतातल्या मजुरीत नेमकं तेच नसतं.

रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने देशाला दिली, कमवा आणि शिका ही वाट कर्मवीर भाऊराव पाटलांनी जिथे घालून दिली, तिथेच आज कमावून शिकणाऱ्या पोराच्या कामाला हजेरी नाही.

जिवाचाही हिशेब

पैसा बुडाला तर पुढच्या वर्षी कमावता येईल. पण या कामात जिवालाही धोका असतो. ऊन लागणं, पिकअपमधून पडणं, विजेचा शॉक, पावसात अंगावर पडणारी वीज, क्रेटखाली बसलेला साप. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाखांची मदत आहे. त्यात सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक सदस्य धरला जातो. वय १० ते ७५. अपघात झाला तर ३० दिवसांच्या आत तालुका कृषी कार्यालयात प्रस्ताव द्यावा लागतो. पण ज्याच्या घरात जमीनच नाही, त्याच्या पोराला ही योजना लागू नाही. आणि परक्याच्या शेतात मजुरीला जाणाऱ्यांत भूमिहीन घरंच जास्त असतात.

दुसरा धोका चाकांचा. माणसं कमी पडली की सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात ट्रॅक्टर दिला जातो. चालवता येतं ना, मग झालं. कायदा तसं म्हणत नाही. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या पोराला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावणं तर थेट गुन्हाच आहे. सुट्टीत स्वतःच्या घरच्या शेतात मदत करणं वेगळं आणि टोळीत बसवून नेणं वेगळं.

आता लगेच काय करता येईल

मोठे निर्णय व्हायचे तेव्हा होतील. पण जूनच्या आत गावपातळीवर चार-पाच गोष्टी होऊ शकतात.

पहिली, नोंद. रोज संध्याकाळी तारीख, कोणाचं शेत, कोणतं काम आणि ठरलेली मजुरी एवढं टोळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. समोरच्याने नुसतं ठीक आहे म्हटलं तरी तो पुरावा होतो.

दुसरी, आठवड्याला हिशेब. बाजाराच्या दिवशी पैसे मोकळे करायची जुनी पद्धत चांगली होती. सगळे जमत नसतील तर निम्मे द्या, पण हंगामाच्या शेवटापर्यंत ठेवू नका. फोनवरून खात्यावर टाकले तर दोघांकडेही नोंद राहते.

तिसरी, विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं, एवढीच अट. मुदत १ जून ते ३१ मे असते, म्हणजे हे करायचे दिवस आत्ताच आहेत. खात्यात २० रुपये शिल्लक आहेत ना, तेवढं बघा.

चौथी, अठरा पूर्ण झालेल्यांनी जॉबकार्डवर नाव चढवून ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून काम मागायचं आणि पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क आहे.

पाचवी ग्रामसभेची. नुकसानीचे अर्ज घेताना कोणाच्या शेतातल्या किती मजुरांचे पैसे अडकले, याची यादीही गावाने करावी. त्यातून लगेच भरपाई मिळणार नाही, पण निदान प्रश्न कागदावर येईल. प्रवेशाच्या वेळी हप्ते पाडून द्या, असं गावाच्या पत्रासह कॉलेजला सांगता येईल. शेतकऱ्यालाही मदत मिळाल्यावर आधी मजुरांचं देणं फेडायची आठवण राहील.

कांदा पट्ट्यात मजूर मिळत नाहीत, ही तक्रार दरवर्षी असते आणि ती खरी आहे. पण सुट्टीत आपणहून शेतात आलेल्या पोराचे पैसे पहिल्याच हंगामात अडकले, तर पुढच्या वर्षी तो नाशिक-सिन्नरच्या कंपनीत हेल्पर म्हणून जाईल, शेतात येणार नाही. मजुराची नोंद आणि वेळेवर पैसा यात शेतकऱ्याचाही फायदा आहे.

जून तोंडावर आला आहे. एकीकडे पेरणीची घाई, दुसरीकडे प्रवेशाची. ज्यांच्याकडे पोरांचे पैसे बाकी आहेत, त्यांनी खताची गोणी आणण्याआधी तेवढे देऊन टाकले, तर काही घरांतलं एक नाव यंदा कॉलेजच्या हजेरीपटावर लागेल.