लाट स्वस्त, वाट महाग
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या पोराला सर्फिंगचं वेड लागलं, तर त्याने खर्चाची वही फळीपासून उघडू नये. आठ-नऊ फुटांची ती फळी नवशिक्याने विकत घ्यायचीच नसते (एसटीत ठेवणार कुठे?). गोव्यात किंवा कर्नाटकातल्या मुल्कीला शिकवणीच्या फीमध्येच मऊ फोमची फळी आणि ती पायाला बांधायची दोरी सहसा मिळते. आपला अरबी समुद्र उबदार, त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसणारा रबरी पोशाखही लागत नाही. अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरतो. पैसा जातो तो वाटेत. अहिल्यानगरहून गोवा एक्स्प्रेस धरायची, मडगावला उतरायचं, किनाऱ्याजवळ खोली घ्यायची, दोन वेळा जेवायचं. आणि एका दिवसात फळीवर जेमतेम उभं राहता येतं, म्हणून हे सगळं पुन्हा पुन्हा. कुस्तीचं गणितही असंच आहे. मार्च २०२५मध्ये कर्जतलाच महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली, वेताळ शेळके यांनी गदा जिंकली. तिथेही लंगोट स्वस्त, दूध-बदामाचा रोजचा खुराक महाग. फरक एवढाच की तालीम गावात असते, समुद्र नसतो. तेव्हा आधी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिका, ते फुकट आहे. आणि जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. त्या महिन्यांसाठी आगाऊ पैसे कुणालाही देऊ नका.